परदेशी ऑनलाइन विक्रेत्याला पैसे देण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?

जमाखर्च

परदेशातल्या साइटवरून काही मागवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "साइट सुरक्षित आहे का?" मग ब्राउझरमधलं कुलूप दिसलं की समाधान होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मध्ये तिसरं कोणी माहिती वाचू शकत नाही. साइट चालवणाराच भामटा असेल तर कुलपाचा काही उपयोग नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. माल आला नाही किंवा भलताच आला, तर विक्रेत्याची मर्जी नसतानाही पैसे परत खेचण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि तो कोणत्या तारखेपर्यंत वापरता येतो? पैसे देण्याआधी या दोन्हींची उत्तरं माहीत असावीत. ज्या मार्गात उत्तरच नाही, तो अनोळखी विक्रेत्यासाठी बाद.

या कसोटीवर माझी क्रमवारी अशी:

सर्वांत वर क्रेडिट कार्ड. पैसे बँकेचे अडकतात, तुमच्या खात्यातून काही गेलेलं नसतं, आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत खेचण्याची सोय आहे. डेबिट कार्डालाही बहुतेक तेच नियम लागू होतात. पण तिथे तक्रार निकाली निघेपर्यंत रोख तुमच्या खात्यातून गेलेली असते, म्हणून ते एक पायरी खाली.

त्याच्या बरोबरीने पेपाल, पण फक्त "वस्तू आणि सेवा" या प्रकारातलं पेमेंट. आणि मोठ्या बाजारपेठ-साइट्स, जिथे पैसे साइटकडे जातात आणि विक्रेत्याला नंतर मिळतात.

मोठ्या रकमेसाठी एस्क्रो. म्हणजे त्रयस्थ संस्था पैसे धरून ठेवते आणि माल तपासून झाल्यावर सोडते.

बँकेतून थेट ट्रान्सफर फक्त ज्याच्याशी आधीपासून व्यवहार आहे त्याच्याशी. रोख उचलण्याची मनी ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टो यांना अनोळखी विक्रेत्याच्या बाबतीत जागाच नाही. यांतलं काहीही एकदा समोरच्याच्या हातात पडलं की परत आणणारी यंत्रणा नसते.

खाली भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

तिसरी_पायरी

चांगला धागा. एक प्रश्न. कार्डाने पैसे भरताना ओटीपी दिला असेल तर बँका "तुम्हीच ओटीपी दिलात, आता काही होणार नाही" असं सांगतात. मग चार्जबॅकचा उपयोग काय?

जमाखर्च

@तिसरी_पायरी, इथेच सगळ्यात जास्त लोकांची तक्रार फेटाळली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार्जबॅकला कारण द्यावं लागतं, आणि प्रत्येक कारणाचा वेगळा कोड असतो. "हा व्यवहार मी केलाच नाही" ही फसवणुकीची तक्रार, व्हिसात कोड १०.४. ओटीपी पडताळला गेला असेल तर फसवणुकीची जबाबदारी विक्रेत्याच्या बाजूकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते, म्हणून बँक इथे नाही म्हणते.

पण तुमची तक्रार ती नाहीच! व्यवहार तुम्हीच केला, माल मिळाला नाही, ही तक्रार आहे. व्हिसात तिचा कोड १३.१. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही किंवा खराब निघाली तर १३.३, नकली निघाली तर १३.४. मास्टरकार्डमध्ये हे सगळं ४८५३ खाली येतं. या कारणांना ओटीपीचा काही संबंध नाही. ओटीपीने एवढंच सिद्ध होतं की पैसे तुम्ही दिले. माल पोचवल्याचा पुरावा तरीही विक्रेत्यालाच द्यावा लागतो.

त्यामुळे बँकेच्या फोनवर "फ्रॉड झालाय" असं म्हणू नका. तो शब्द उच्चारला की समोरचा कर्मचारी फसवणुकीचा फॉर्म उघडतो, कार्ड ब्लॉक करतो, आणि चार दिवसांनी "ओटीपीने झालेला व्यवहार" म्हणून तक्रार बंद होते. "विक्रेत्याने माल पाठवला नाही, मला मर्चंट डिस्प्यूट नोंदवायचा आहे" असं म्हणा. लेखी फॉर्म असेल तर "गुड्स नॉट रिसीव्हड" किंवा "नॉट अॅज डिस्क्राइब्ड" याच खान्यात खूण करा.

सायंतारा

+१. मुदतीचं पण सांगा. सगळीकडे १२० दिवस लिहिलेलं असतं, ते कधीपासून मोजायचे?

कलम_आणि_शाई

मी सांगते. माल न मिळण्याच्या तक्रारीत १२० दिवस पैसे भरल्याच्या तारखेपासून नाही, तर माल ज्या तारखेपर्यंत मिळायला हवा होता तिथून मोजतात. मात्र व्यवहारापासून कमाल ५४० दिवस. म्हणून ऑर्डर देताना अपेक्षित डिलिव्हरीची तारीख दिसत असलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. विक्रेत्याने तारीखच दिली नसेल तर बँकेला थोडं थांबावं लागतं, व्हिसात व्यवहारापासून १५ दिवस आणि मास्टरकार्डात ३० दिवस.

हे झाले कार्ड नेटवर्कचे नियम. बँकेला कागदपत्रं तपासायला वेळ लागतो, म्हणून बऱ्याच बँका आपल्या ग्राहकाला याहून कमी मुदत देतात. कार्डाच्या अटींमध्ये बघून ठेवा.

वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर आणखी एक पायरी लागते. आधी विक्रेत्याशी लेखी संपर्क आणि वस्तू परत करण्याची तयारी दाखवावी लागते. "परत घ्यायला तयार आहात का, पत्ता द्या" असा ईमेल गेलेला नसेल तर तक्रार तिथेच अडकते. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही तर तेही पुराव्यातच जमा होतं.

उभा_धागा

यात काही देशांचे कायदे कार्डाच्या नियमांच्या वर जातात, तेही माहीत असावेत. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. परदेशातल्या खरेदीलाही हे लागू आहे, यावर २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर निर्णय झाला. अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टखाली स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते.

कलम ७५ ला एक खाच आहे. ग्राहक, बँक आणि विक्रेता ही साखळी थेट असावी लागते. मध्ये पेपालसारखा मध्यस्थ आला की ती तुटू शकते. मोठी खरेदी असेल तर कार्ड थेट विक्रेत्याच्या पानावर वापरण्याला अर्थ आहे.

शब्दखूण

पेपालबद्दल नीट कोणीतरी लिहा. लोक आंधळा विश्वास ठेवतात.

कलम_आणि_शाई

पेपालची आकडेवारी तीन ओळींत: पैसे दिल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट (विक्रेत्याशी बोलून मिटवायची तक्रार) उघडायचा. उघडल्यापासून २० दिवसांत तो "क्लेम"मध्ये, म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा अशा मागणीत बदलायचा. नाही बदलला तर आपोआप बंद होतो आणि बंद झालेला परत उघडत नाही.

हे दुसरं वाक्य विक्रेत्यांना पाठ असतं. डिस्प्यूट उघडला की गोड शब्दांत निरोप येतो, "माल कस्टम्समध्ये अडकलाय, कृपया आणखी तीन आठवडे द्या." किंवा "डिस्प्यूट बंद करा, मग आम्हाला रिफंड करता येईल." दोन्ही खोटं. डिस्प्यूट उघडा असतानाच विक्रेता रिफंड करू शकतो, त्यासाठी बंद करायची काहीही गरज नसते. १५व्या-१६व्या दिवशी, समोरचा काहीही म्हणो, क्लेममध्ये बदला.

"फ्रेंड्स अँड फॅमिली"ने पाठवलेल्या पैशांना कुठलंही संरक्षण नाही. विक्रेता "फी वाचते, ५ टक्के सूट देतो, त्या मार्गाने पाठवा" म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा. फी विक्रेता भरतो, आणि ती भरण्याच्या बदल्यातच तुमच्या तक्रारीला दाद मिळते. वाहनं आणि जमीनजुमला "वस्तू आणि सेवा"तही संरक्षणाबाहेर आहेत.

पेपालच्या मागे क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर दोन दारं मिळतात. पण दोन्ही एकदम ठोठावू नका. कार्डावर चार्जबॅक टाकला की पेपाल आपली केस बंद करतं. आधी पेपाल, तिथे नकार आला आणि कार्डाची मुदत शिल्लक असेल तर चार्जबॅक. त्यासाठी पेपालची तक्रार १७९ व्या दिवशी टाकून चालत नाही. लवकर टाका, म्हणजे दुसरी मुदत हातात राहते.

रानवाट

बाजारपेठ-साइट्सच्या मुदती मात्र खूप कमी असतात. ईबेची हमी शेवटच्या अपेक्षित डिलिव्हरी तारखेपासून ३० दिवस. अॅमेझॉनवर बाहेरच्या विक्रेत्याकडून घेतलं तर ए-टू-झेड हमीसाठी कमाल अपेक्षित तारखेपासून ९० दिवस.

आणि संरक्षण साइटच्या आत पैसे भरले तरच. चॅटमध्ये "साइटचं कमिशन वाचवू, या खात्यावर पाठवा" आलं की समजावं. अलिबाबाच्या ट्रेड अॅश्युरन्सचंही (खरेदीदाराला संरक्षण देणारी त्यांची योजना) तसंच आहे: ऑर्डर साइटवर तयार झालेली असावी, मालाचा तपशील त्याच ऑर्डरमध्ये लिहिलेला असावा आणि पैसे साइटने दाखवलेल्या मार्गानेच गेलेले असावेत. तपशील ईमेलमध्ये आणि ऑर्डरमध्ये नुसतं "अॅज डिस्कस्ड" असेल, तर वादाच्या वेळी साइट ऑर्डरच बघते. रंग, माप, धातूची जाडी, व्होल्टेज, प्लगचा प्रकार, जे काही महत्त्वाचं असेल ते ऑर्डरच्या मजकुरात हवं.

"माल मिळाला" हे बटण पार्सल उघडून, वस्तू चालवून बघितल्याशिवाय दाबू नका. ते दाबलं की पैसे विक्रेत्याकडे सुटतात.

पाऊलखुणा

आता एक असा प्रकार, ज्यात कार्ड, पेपाल, साइट तिन्ही ठिकाणी ग्राहक हरतो. विक्रेता ट्रॅकिंग नंबर देतो, ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसतं, प्रत्यक्षात काहीच आलेलं नसतं. भामटा त्याच शहरातल्या कुठल्यातरी भलत्या पत्त्यावर रिकामं पाकीट किंवा स्वस्तातली काडीमोल वस्तू पाठवतो. नोंदीत शहर आणि पिन जुळतं, पत्ता दिसत नाही, तक्रार फेटाळली जाते.

उपाय: ज्या कुरियरने किंवा टपालखात्याने पार्सल पोचवलं त्यांच्याकडून लेखी घ्या की त्या नंबरचं पार्सल तुमच्या पत्त्यावर दिलेलं नाही. गोपनीयतेमुळे ते दुसऱ्याचा पत्ता देणार नाहीत, पण "तुमच्या पत्त्यावर नाही" एवढं बहुतेक ठिकाणी देतात. सोबत नोंदवलेलं वजन मागा. ४ किलोच्या यंत्राच्या जागी ४० ग्रॅम वजन नोंदलेलं असेल तर तो एक कागद पुरतो.

टपालाने येणाऱ्या पार्सलचा नंबर खरा आहे का, हे हातानेही तपासता येतं. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या एस-१० मानकानुसार नंबर १३ अक्षरांचा असतो: दोन रोमन अक्षरं, नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. नवव्या अंकात पडताळणी असते. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करा. १० आलं तर ०, ११ आलं तर ५ धरा.

उदाहरण: १२३४५६७८५. पहिले आठ अंक गुणून ८+१२+१२+८+१५+३०+६३+५६, बेरीज २०४. ११ ने भागून बाकी ६. ११ मधून ६ गेले ५. नववा अंक ५, म्हणजे नंबर नियमात बसतो. जुळला नाही तर नंबर बनावट किंवा चुकीचा टाइप झालेला. जुळला म्हणजे पार्सल तुमचंच असं मात्र नाही.

पहिलं अक्षरही बघा. आर म्हणजे रजिस्टर्ड, ई म्हणजे ईएमएस (जलद टपाल), सी म्हणजे पार्सल. यू ने सुरू होणारं पाकीट शेवटपर्यंत ट्रॅक होत नाही, म्हणून "पोचल्याचा पुरावा" म्हणून त्याला किंमत नाही. महाग वस्तू यू वाल्या नंबरने पाठवली असेल तर लगेच सावध व्हा.

सायंतारा

बापरे, हे नवीन कळलं. वाचनखूण साठवली.

तिसरी_पायरी

@पाऊलखुणा, पार्सल येतं पण आत भलतंच निघतं, तेव्हा?

पाऊलखुणा

व्हिडिओ. पार्सल बंद असताना चारही बाजू आणि लेबल, लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर वाचता येईल इतक्या जवळून. मग वजनकाट्यावर ठेवून आकडा. मग कॅमेरा न थांबवता उघडणं, वस्तू बाहेर, मॉडेल नंबर. मध्ये कट पडला तर विक्रेता म्हणतो की वस्तू बदलली. लेबल आणि खोकं तक्रार मिटेपर्यंत फेकू नका.

परत पाठवायची वेळ आली तर साइटने किंवा पेपालने केसमध्ये लिहिलेल्या पत्त्यावरच, ट्रॅकिंगसह. विक्रेता चॅटमध्ये दुसरा पत्ता देतो. तिथे पाठवलं तर "परत मिळालंच नाही" म्हणायला तो मोकळा.

अजून एक. "कस्टम्स ड्युटी वाचावी म्हणून किंमत १० डॉलर लिहितो" असं विक्रेता म्हणाला तर नाही म्हणा. बेकायदेशीर तर आहेच, शिवाय हरवलं तर विम्याचे पैसेही १० डॉलरच मिळतात.

नाणं_आणि_नोट

थोडं चलनाबद्दल. पैसे भरताना साइट विचारते, "तुमच्या देशाच्या चलनात भरायचे का?" सोयीचं वाटतं, पण तो दर विक्रेत्याचा प्रोसेसर ठरवतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. विक्रेत्याच्या चलनात भरा, रूपांतर कार्ड नेटवर्कच्या दराने होऊ द्या. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघेही रोजचे दर आपापल्या साइटवर देतात, त्यावर बँकेचं मार्कअप (बँक वर लावते ती जादा टक्केवारी) मिळवा आणि मग तुलना करा. पेपालमध्येही रूपांतर कोणी करायचं हे बदलता येतं. भरण्याच्या पानावर रकमेखाली चलन बदलण्याचा पर्याय असतो, तो उघडून "कार्ड देणाऱ्या बँकेने" निवडा.

चिन्हावर जाऊ नका. $ हे चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग सगळे वापरतात. ¥ जपानी येनलाही आणि चिनी युआनलाही. यूएसडी, सीएडी, जेपीवाय, सीएनवाय असा तीन अक्षरी कोड बिलावर दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

रिफंड आला तर तो त्या दिवसाच्या दराने येतो, आणि मूळ मार्कअप बऱ्याच बँका परत देत नाहीत. तेव्हा परत आलेली रक्कम थोडी कमी दिसली तर विक्रेत्याशी भांडण्याआधी परकीय चलनातला आकडा जुळतो का ते बघा.

शब्दखूण

व्हर्च्युअल कार्ड कसं? एकदाच चालणारं.

जमाखर्च

कार्डाचा नंबर चोरीला जाऊ नये यासाठी उत्तम. पण लक्षात ठेवा, त्याने नंबर सुरक्षित राहतो, माल येईलच असं नाही. चार्जबॅकचे अधिकार मागच्या खऱ्या कार्डाचेच असतात.

अडचण येते ती दोन ठिकाणी. विक्रेता ऑर्डर दोन भागांत पाठवतो आणि दोनदा रक्कम कापतो, तेव्हा एकदाच चालणारं कार्ड दुसऱ्या वेळी नाकारलं जातं आणि अर्धी ऑर्डर रद्द होते. अशा वेळी एकाच विक्रेत्यापुरतं बांधलेलं, मर्यादा घातलेलं कार्ड बरं. आणि मर्यादा नेमकी बिलाइतकी ठेवली तर दर बदलल्यामुळे किंवा पाठवणावळ वाढल्यामुळे व्यवहार अडतो. ५-७ टक्के वर ठेवा.

"फक्त १ डॉलरमध्ये ट्रायल" वाल्या साइटवर मात्र व्हर्च्युअल कार्डच वापरा. पुढच्या महिन्याची कापणी नाकारली जाते. नाकारली गेली तरी सबस्क्रिप्शन साइटवर जाऊन रद्द करा, नाहीतर थकबाकीचे ईमेल सुरू होतात.

फोनवरचं अॅपल पे किंवा गुगल पे दिसलं तर तेही चांगलं. विक्रेत्याला खरा नंबर न जाता टोकन, म्हणजे त्याच्या जागी वापरायचा बदली नंबर जातो.

ईमेलवर किंवा चॅटवर कार्डाचा फोटो किंवा मागचा सीव्हीव्ही मागणारा विक्रेता असेल तर देऊ नका. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवायला कार्ड उद्योगाच्या नियमांत कोणत्याही विक्रेत्याला परवानगी नाही, आणि ईमेल म्हणजे साठवणंच.

दोन_कागद

छोटे कारखानदार कार्ड घेतच नाहीत, बँक ट्रान्सफरच मागतात. यंत्राचे सुटे भाग मागवताना पर्याय नसतो. तेव्हा काय बघायचं?

उभा_धागा

@दोन_कागद, पहिल्यांदा नमुन्याची छोटी ऑर्डर कार्डाने किंवा बाजारपेठ-साइटवरून घ्या. तीही नाकारली तर कारण विचारा.

ट्रान्सफर करायचीच असेल तर खात्याचा तपशील वाचायला शिका. स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) ८ किंवा ११ अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं-सहावं देशाचं. आयबॅन (काही देशांत वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) असेल तर पहिली दोन अक्षरं देशाची. कंपनीचा पत्ता एका देशात आणि खातं दुसऱ्याच देशात, किंवा कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव, असं दिसलं तर थांबा. आयबॅनमधले पडताळणीचे दोन अंक टायपिंगची चूक पकडतात, भामट्याचं खातं पकडत नाहीत.

नाव जुळतं का हे बँक तपासत असेल असं गृहीत धरू नका. युरो क्षेत्रातल्या बँकांवर युरो ट्रान्सफरसाठी हे ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक आहे. पण खंड ओलांडून जाणाऱ्या ट्रान्सफरमध्ये बहुतेक वेळा पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँका फसवून करवून घेतलेल्या ट्रान्सफरची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देतात, पण परदेशी पाठवलेल्या पैशांना ती लागू नाही.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे मध्येच बदललेलं खातं. विक्रेता खरा, व्यवहार खरा, पण त्याचा ईमेल कोणीतरी वाचत असतो. बिल पाठवायच्या वेळी "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या नवीन खात्यात पाठवा" असा ईमेल त्याच धाग्यात, त्याच सहीने येतो. खातं बदललं असं कळलं की ईमेलला उत्तर देऊ नका. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर, त्या ईमेलमधल्या नव्हे, फोन करून खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्यांना वाचायला सांगा. तुम्ही वाचून "बरोबर का?" विचारू नका.

शुल्काचे तीन पर्याय असतात. "अवर" म्हणजे सगळं तुमच्याकडे, "शेअर्ड" म्हणजे वाटून, "बेन" म्हणजे सगळं घेणाऱ्याकडे. "शेअर्ड" घेतलं तर मधल्या बँका आपलं शुल्क रकमेतून कापतात, विक्रेत्याला १५-३० डॉलर कमी पोचतात आणि तो माल अडवून बसतो. ऑर्डर देतानाच ठरवून घ्या.

आणि पैसे गेले की यूईटीआर नावाचा ३६ अक्षरी क्रमांक बँकेकडून मागून घ्या. २०१८ च्या अखेरीपासून प्रत्येक स्विफ्ट पेमेंटला तो असतो. "पैसे मिळाले नाहीत" असं विक्रेता म्हणाला तर या क्रमांकावरून कुठे आहेत ते शोधता येतं.

दोन_कागद

आणि चुकीच्या खात्यात गेले तर?

उभा_धागा

त्याच तासाला बँकेत जाऊन "रिकॉल" किंवा "पेमेंट कॅन्सलेशन" मागा, आणि फसवणूक असेल तर ते कारण लेखी नोंदवायला लावा. रिकॉल ही फक्त विनंती आहे. पैसे जमा झालेले असतील तर खातेदाराच्या संमतीशिवाय किंवा कायदेशीर आदेशाशिवाय समोरची बँक परत देत नाही. जमा व्हायच्या आत पोचली तरच खरी आशा. म्हणून ट्रान्सफर सोमवारी सकाळी करावी, शुक्रवारी संध्याकाळी नव्हे. गडबड लक्षात आली तर दोन्हीकडच्या बँका उघड्या असतात.

कलम_आणि_शाई

एस्क्रोबद्दल एक इशारा. विक्रेत्याने पाठवलेल्या एस्क्रोच्या लिंकवर कधीही जाऊ नका. बनावट एस्क्रो साइट्स हा जुना, पक्का धंदा आहे. पत्ता स्वतः टाइप करा, ती कंपनी कोणत्या नियामकाकडे नोंदलेली आहे ते त्या नियामकाच्याच साइटवर तपासा. व्यवहार नोंदवताना तपासणीचे दिवस किती हे नीट लिहा. यंत्र जोडून, चालवून बघायला आठवडा लागणार असेल तर दोन दिवसांची मुदत मान्य करू नका. मुदत संपली की पैसे आपोआप सुटतात.

फारच मोठी ऑर्डर असेल, कंटेनर वगैरे, तर बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दाखवले की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी. त्यात एकच लक्षात ठेवा: बँक कागद तपासते, माल नाही. खोक्यात विटा असल्या आणि कागद बरोबर असले तर पैसे जातात. त्यासाठी कागदांच्या यादीत त्रयस्थ संस्थेचं मालतपासणी प्रमाणपत्र घालून घ्यावं, म्हणजे तपासणी झाल्याशिवाय कागद पूर्ण होत नाहीत.

रानवाट

मनी ट्रान्सफर कंपन्यांबद्दल एक तपशील: फसवणुकीचे पैसे आपल्या जाळ्यातून जाऊ दिल्याच्या प्रकरणात वेस्टर्न युनियनने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सरकारला ५८.६ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं होतं. नातेवाइकांना पैसे पाठवायला ती सेवा ठीक आहे. विक्रेत्यासाठी नाही.

सायंतारा

शेवटचा प्रश्न. बँकेकडे तक्रार करताना नेमकं काय लिहायचं? बरेच जण पानभर लिहितात आणि महत्त्वाचं राहून जातं.

जमाखर्च

@सायंतारा, तपासणारा माणूस दिवसभर अशाच तक्रारी वाचतो. त्याला तारखा हव्या असतात. साधारण असं लिहा:

"अमुक तारखेला अमुक साइटवर अमुक वस्तू मागवली, रक्कम अमुक यूएसडी, ऑर्डर क्रमांक अमुक. डिलिव्हरीची शेवटची तारीख अमुक (जोडपत्र १). त्या तारखेपर्यंत माल मिळाला नाही. विक्रेत्याला अमुक आणि अमुक तारखेला ईमेल केला (जोडपत्र २), उत्तर आलं नाही किंवा रिफंड नाकारला. पूर्ण रकमेचा परतावा मागतो."

एवढंच. स्टेटमेंटवर विक्रेत्याचं नाव जसं छापलंय तसंच लिहा, साइटचं नाव वेगळं असलं तरी. संताप, विक्रेत्याबद्दलचे अंदाज, इंटरनेटवरचे दुसऱ्यांचे अनुभव यातलं काही नको.

बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली तर ती खर्च करू नका. विक्रेत्याला उत्तर द्यायला मुदत असते, आणि त्याने पुरावा दिला तर जमा झालेली रक्कम परत जाते. त्याच्या पुराव्याची प्रत मागा आणि मुद्द्यानिशी खोडून काढा. खोटं ट्रॅकिंग असेल तर @पाऊलखुणा यांनी वर सांगितलेलं कुरियरचं पत्र इथे उपयोगी पडतं.

तिसरी_पायरी

विक्रेता म्हणतो रिफंड केला, बँक म्हणते आला नाही. अशा वेळी?

जमाखर्च

विक्रेत्याकडे एआरएन मागा. कार्डावरच्या रिफंडला २३ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. तो क्रमांक बँकेला दिला की त्यांना रिफंड शोधता येतो. रिफंडची स्लिप किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, ते कोणीही बनवतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर रिफंड झालेला नाही असं धरून चला आणि चार्जबॅकची तारीख चुकवू नका. व्हिसात कबूल केलेला रिफंड न आल्याचा वेगळा कोड आहे, १३.६. बँकेला तेच कारण सांगा, आणि रिफंड कबूल केल्याचा ईमेल जोडा.

तिसरी_पायरी

मिळालं. धन्यवाद.